वरातीतल्या ट्रम्पेटवाल्याचं नाव काय?

एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नात बँड होता ना? मग त्यात ट्रम्पेट कोण वाजवत होतं, त्याचं नाव सांगा.

नाही ना सांगता येत? डीजेचं नाव मात्र पाठ असणार. ते गाडीवर लायटिंगमध्ये लिहिलेलं असतं, रीलवर टॅग केलेलं असतं.

काष्टी म्हटलं की बाहेरच्यांना जनावरांचा बाजार आठवतो. आम्हाला लग्नसराईत आठवते ती दौंड-नगर रस्त्यावर तुंबलेली वाहनांची रांग आणि तिच्या पुढं मुंगीच्या चालीनं सरकणारी डीजेची गाडी. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वरातीत दहा वाजले, पोलीस आले, जनरेटर बंद झाला. पोरं वैतागली. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो तेवढ्यापुरता बोलावलेला चार माणसांचा बँड कडेला चहा पीत बसला होता. त्यातल्या एका काकांनी ट्रम्पेट काढला आणि तोंडाला कापड बांधून, बेतानं, एक जुनं संथ गाणं वाजवलं. माईक नाही, काही नाही. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मी जवळ जाऊन नाव विचारलं, तर त्यांनी बँडचं नाव सांगितलं. ‘तुमचं हो,’ म्हटलं. ते हसले, ‘आमचं कशाला?’ तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली आणि विचारणं राहूनच गेलं. म्हणजे मीही तुमच्यातलाच.

आता मुद्द्यावर येऊ. डीजे बंद करा की चालू ठेवा, हा वाद आपल्याकडे दर गणपतीत, दर जयंतीला, दर लग्नसराईत होतो. कायदा नवा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला. डीजे नको म्हणणारे म्हणतात, ‘पारंपरिक वाद्यं आणा.’ छान. पण वाजवणार कोण? हा सगळा वाद आवाज किती, यावर चालतो. आवाज कुणाचा, हे कुणी विचारत नाही. (आणि खरं सांगायचं तर कानाजवळ वाजलेला ट्रम्पेटही शंभर डेसिबल सहज ओलांडतो. फरक इतकाच, की माणसाचे ओठ दमतात. जनरेटर दमत नाही.)

तुमच्यापैकी कुणी जॅझ ऐकतं का? ‘कॅफेतलं म्युझिक’ म्हणून सोडून देऊ नका, कारण जॅझचा जन्म आपल्यासारख्याच मिरवणुकीतला आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात लग्नाला बँड, सणाला बँड, मयताला बँड. जाताना शोकाचं, दफन करून येताना नाचायचं. लुई आर्मस्ट्राँग हा त्याच गल्ल्यांतला पोरगा. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री त्यानं हवेत पिस्तूल झाडलं, पोलिसांनी धरलं आणि सुधारगृहात टाकलं. तिथल्या बँडमध्ये त्याच्या हातात कॉर्नेट आलं, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ. पुढं त्यानं जगाला ट्रम्पेट ऐकायला शिकवलं.

त्याचा परिणाम मुंबईपर्यंत पोचला. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, १९१६ चा जन्म, आर्मस्ट्राँगच्या ढंगानं ट्रम्पेट वाजवायचा. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ झाला. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. आणि त्याला सिनेमासंगीतात हाताशी धरणाऱ्यांमध्ये ठळक नाव होतं सी. रामचंद्र यांचं. हे रामचंद्र चितळकर कुठले, माहितीय? पुणतांब्याचे. आपल्याच जिल्ह्यातले, आणि काष्टीवरून मनमाडकडं जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावरचे. १९५१ च्या ‘अलबेला’त क्लबमधल्या गाण्यात भगवानदादा नाचतात तेव्हा मागं चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावर चक्क दिसतो. वरातीत तुमचा जो काका एक हात वर, एक खाली करून ‘भगवान स्टेप’ करतो ना, त्या स्टेपच्या मागं हळदोण्याचा ट्रम्पेट आणि पुणतांब्याची चाल आहे.

गोव्याचीच माणसं का? कारण तिथं चर्चच्या शाळांमध्ये गावातल्या पोरांना स्वरलिपी शिकवली जायची. व्हायोलिन, ट्रम्पेट हाती यायचा तो कागदावरचं वाचता येईल अशा तयारीनं. मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि कुठलं वाद्य कधी वाजेल हे गोव्याचा माणूस लिहून काढायचा. तरी रेकॉर्डवर त्यांची नावं नसायचीच. अहो, गायकांचीच नसायची. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. गायकांचं पुढं लवकर सुधारलं. ट्रम्पेटवाला, सॅक्सोफोनवाला मात्र ‘म्युझिशियन’ एवढ्या एका शब्दात राहिला.

जॅझच्या अल्बमचं मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? मागची बाजू. तिथं कोण काय वाजवतंय ते नावानिशी लिहिलेलं असतं. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) घ्या. ट्रम्पेट माइल्स, टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेन, आल्टो कॅननबॉल ॲडर्ली. खाली पियानो, बास, ड्रम सगळे. एकदा नावं वाचून ऐकलंत की तीन माणसांचे तीन स्वभाव कळायला लागतात. माइल्स कमी बोलणारा, कोल्ट्रेन एकाच श्वासात सगळं सांगून टाकणारा, ॲडर्ली मजेत. आपल्या कानाला हा अल्बम जड जात नाही, कारण त्यातले वादक भराभर स्वरसंघ बदलण्याऐवजी एकेका स्वरसप्तकात रमतात. राग ऐकलेल्या माणसाला ती वाट ओळखीची वाटते.

तो झेपला तर सॉनी रॉलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ (१९५६). त्यातली पहिली धून कॅरिबियन लोकगीतावरची आहे, पाय आपोआप हलतो. हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८ ला मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवून गेला. ट्रम्पेटच हवा असेल तर ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’. आणि रात्री, एकटे असताना, कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’. चार भाग, साधारण ३३ मिनिटं, १९६४ च्या डिसेंबरात एका दिवसात वाजवलेला. माझा सगळ्यात लाडका हाच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काही कळलं नव्हतं, हेही कबूल करतो.

नाव छापलं की सगळं सुरळीत होतं असं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’ बाजारात येऊन आठवडा झाला असेल, माइल्स न्यूयॉर्कमध्ये ज्या क्लबात वाजवत होता त्याच्याच दारात मध्यंतरात सिगारेट ओढत उभा होता. वर पाटीवर त्याचं नाव. पोलिसानं ‘चल, हल इथून’ म्हटलं, तो हलला नाही, तर त्याचं डोकं फोडून आत टाकलं. काळ्या माणसाची कला हवी होती, माणूस दारात उभा राहिलेला नको होता.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवायला सोपं आहे. आपल्याकडं वाजंत्रीचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग, होलार अशा समाजांकडं राहिलं. वाजवायला सगळ्यात पुढं, पंगतीला सगळ्यात शेवटी, हे आपण पाहिलेलं आहे. ‘आमचं कशाला?’ असं ते काका म्हणाले, ते नम्रपणा म्हणून नव्हे. कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग त्यांच्या पोरानं ट्रम्पेट का घ्यावा? तो ट्रम्पेट शिकण्याऐवजी डीजेच्या गाडीवर वायरी जोडायला जातो, हंगामात जास्त कमावतो. त्याला दोष कोण देणार? पद्धतशीर, कागद वाचून शिकायची जागा म्हणजे पोलिसांचे नाहीतर लष्कराचे बँड. नगरच्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री सेंटरच्या संचलनात वाजतो तसला. पण तिथं आधी भरती व्हावं लागतं. गोव्यासारखी गावातली शाळा आपल्याकडं झालीच नाही.

म्हणून डीजेबंदीनं बँड आपोआप परत येईल, या भरवशावर राहू नका. ट्रम्पेटवर ओठ बसायलाच वर्षं जातात. बंदी मात्र एका पत्रकानं होते आणि दुसऱ्या पत्रकानं उठते.

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं पत्रिका छापायला जातील. तुम्हाला माहितीय आपली पत्रिका कशी असते. आमदार, माजी आमदार, सरपंच, चेअरमन, संचालक, पन्नास-साठ निमंत्रक, आणि तळाला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या, अजून बोलताही न येणाऱ्या बाळाचं नाव. इतकी नावं मावतात त्या कागदावर. या वेळी प्रूफ तपासायचं काम तुमच्याकडं आलं, तर बँडवाल्यांना एक फोन करा आणि विचारा, ट्रम्पेटला कोण आहे.