उजेडाचा मोंढा

मुलांनो, साखर विकायची म्हणून किराणा दुकानदार कधी साखर कारखाना काढतो का? नाही ना! तो मोंढ्यातून पोतं आणतो आणि तुम्हाला किलो-अर्धा किलो मोजून देतो. (पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी सांगतो, आमच्या मराठवाड्यात घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात.) ठोक घ्यायचं आणि किरकोळ विकायचं. हा धंदा तुमच्या आजोबांनाही चांगला ठाऊक आहे.

आता गंमत ऐका. तुमच्या घरी येणारं इंटरनेटही पुष्कळदा असंच मोंढ्यातून येतं! फक्त इथे पोत्यात साखर नसते, उजेड असतो.

चकित झालात? मग आधी ती तार बघू. ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेचा धागा. प्रकाश ज्यातून धावतो तो त्याचा गाभा आपल्या केसाहूनही बारीक असतो. एका टोकाला लेसरचा दिवा सेकंदाला कोट्यवधी वेळा लुकलुकतो आणि दुसऱ्या टोकाचं यंत्र ती लुकलुक वाचतं. धागा वळला तरी प्रकाश बाहेर सांडत नाही. काचेच्या भिंतीवर आपटत आपटत तो आतल्या आत पुढे जातो. यावर १९५० च्या दशकात काम करणाऱ्यांपैकी एक होते पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली, तर तिच्यातून दूरवर बोलता येईल. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. देगलूरहून नांदेड ऐंशीएक किलोमीटर. एस.टी.ला दोन तास लागत असतील, तर प्रकाशाला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही!

आई-बाबांना विचारा, त्यांचं इंटरनेट कसं होतं. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला ते सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हा ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. पुढे चांगला मोडेम आला, तोही फार तर सेकंदाला ५६ हजार बिट आणायचा. ४ मेगाबाइटचं एक गाणं उतरवायला साडेनऊ मिनिटं! तेच गाणं १०० एमबीपीएसच्या फायबरवर सेकंदाच्या तिसऱ्या भागात येतं. करून बघा गणित. एक सूचना : ८ बिट म्हणजे १ बाइट. हे विसरलात तर उत्तर आठपट चुकेल.

एवढी चांगली वस्तू, मग ती प्रत्येक कंपनी गावोगाव का नेत नाही? कारण खरा खर्च काचेचा नाही, खोदण्याचा आहे. रस्ता खणायचा, परवानग्या काढायच्या, काळ्या मातीत आणि मुरमात दीड मीटर खोल चर मारायचा. चार कंपन्यांनी एकाच रस्त्यावर चार चर खणले तर चौपट खर्च, आणि रस्त्याची चाळण! तीस-चाळीस घरांच्या वाडीसाठी हा खर्च कोण करील?

म्हणून उपाय निघाला : चर एकानेच खणायचा, तार एकानेच टाकायची आणि तिच्यातली जागा सगळ्या दुकानदारांना ठोक भावाने भाड्याने द्यायची. न्यूझीलंडमध्ये २०११ साली टेलिफोन कंपनीचे चक्क दोन भाग केले. तारा सांभाळणारी ‘कोरस’ वेगळी झाली. तिने फक्त ठोक विकायचं, घरोघर विकायला तिला मनाई.

आपल्याकडे त्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. आखणी अशी की, तालुक्याच्या गावापर्यंत आधीपासून पडलेली तार वापरायची आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंत नवी टाकायची. ती तार कुणा एका कंपनीची नाही. कोणत्याही परवानाधारक कंपनीने, अगदी केबल टीव्हीवाल्यानेही, ती भाड्याने घ्यावी आणि घरोघर सेवा द्यावी. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम ‘महानेट’ या राज्याच्या प्रकल्पातून हाती घेतलं गेलं.

असे ठोक व्यापारी आणखीही आहेत. ‘रेलटेल’ची तार रेल्वेच्या रुळांलगत धावते. ‘पॉवरग्रिड’ची तर विजेच्या उंच मनोऱ्यांवरून जाते. शेतातला मनोरा नीट बघा. सगळ्यांत वरची जी तार वीज पडण्यापासून रक्षण करते, तिच्या पोटात पुष्कळदा फायबर लपलेली असते!

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. मोंढ्यात पोती येऊन पडली, पण गावात दुकानच उघडलं नाही तर तुमच्या डब्यात साखर कशी येणार? पुष्कळ ग्रामपंचायतींचं अगदी तसंच झालं. तार आली, पेटी भिंतीवर बसली; पण कुठे वीज नाही, कुठे जेसीबीने तार तोडली, तर कुठे घरापर्यंत नेणारा कुणी पुढे आला नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याची किंमत कुणी मोजली? मोबाइलच्या रेंजसाठी गच्चीवर नि टेकडीवर चढून बसलेल्या मुलांनी!

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये योजना सुधारण्यात आली. खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. त्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली, तार सरळ रेषेत न नेता गावं कड्यासारखी जोडायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी उजेड दुसऱ्या बाजूने येईल. दुसरी, तार टाकून मोकळं व्हायचं नाही, दहा वर्षं सांभाळायचीही. शिवाय खोदण्याआधी तारवाल्यांना कळवता यावं म्हणून मार्च २०२३ पासून एक सरकारी ॲपही आहे.

पालकांनो, आता एक हिशेब तुमच्यासाठी. समजा, दुकानदाराने ठोकात १००० एमबीपीएस घेतलं आणि २०० घरांना ‘१०० एमबीपीएस’ म्हणून विकलं. सगळे एकदम बसले, तर वाट्याला येतील फक्त ५! यात लबाडीच असते असं नाही. सगळे एकाच वेळी नळ सोडत नाहीत, या भरवशावर गावाची पाण्याची टाकीही चालते. पण टाकी फारच लहान असेल, तर रात्री नऊला नळाला थेंब येणार. तेव्हा सेवा घेताना जाहिरातीतला आकडा विचारू नका. रात्री नऊचा वेग विचारा.

या आठवड्याचा उद्योग : मोठ्या माणसाला सोबत घेऊन आपल्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जा आणि तीन प्रश्न विचारा. इथे फायबर आली आहे का? ती आज चालू आहे का? बंद असेल, तर कधीपासून, आणि तक्रार कुणी केली? उत्तरं तारखेसह वहीत लिहा. तक्रार झालीच नसेल, तर गुरुजींच्या मदतीने अर्ज लिहा. ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ती तार जनतेच्या पैशातून आली आहे. ती चालू आहे का, हे विचारायला वयाची अट नाही.