गुणवत्ता मोजतो कोण?

गुणवत्तेला लिंग नसतं. कोड बाईने लिहिला की पुरुषाने, हे कम्प्युटरला कळत नाही. तेव्हा आयटी कंपन्यांनी स्त्रियांसाठी वेगळी धोरणं आखणं हा लायक मुलांवर अन्याय आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात ३० टक्के जागा दिल्या, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, तरी बायका मधेच नोकरी सोडतात. आता आणखी काय द्यायचं? मोठ्या पदावरच्या एका गृहस्थांनी हे भाषणात सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना उत्तर देणं मला भाग आहे.

कम्प्युटरला लिंग कळत नाही, हे कबूल. पण नोकरी कम्प्युटर देत नाही. मुलाखत माणूस घेतो, अप्रेझलचं रेटिंग माणूस ठरवतो, ऑनसाइट कोणाला पाठवायचं हेही माणूसच ठरवतो. त्याला लिंग चांगलंच कळतं आणि तंत्रज्ञानाचा सगळा इतिहास त्याची साक्ष देतो.

१९४६ साली फिलाडेल्फियात ‘एनिॲक’ हा कम्प्युटर जगासमोर आला. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा तरुणींनी केलं होतं. प्रात्यक्षिकाचं कौतुक झालं आणि रात्रीच्या मेजवानीला त्या सहाजणींना बोलावणंच नव्हतं. १९७४ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या टेल्को कंपनीने इंजिनिअरांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा कुठे त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. ते पोस्टकार्ड गेलं नसतं, तर ही गुणवत्ता मोजायला कोण बसलं होतं?

बरं, माणूस बाजूला करून यंत्राकडे निवड सोपवली तर? ॲमेझॉनने तेही करून पाहिलं. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून त्यांची प्रणाली शिकली. ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. साहजिकच, अर्जात महिलांच्या एखाद्या क्लबचा उल्लेख दिसला की ती गुण कमी करू लागली. तो प्रयोग बंद करावा लागल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. आपण ज्याला तटस्थ गुणवत्ता म्हणतो, ती पुष्कळदा कालच्या निवडींची नक्कल असते.

हा वाद जुनाच आहे. ‘मेकॅनिकल मुलींना झेपायचं नाही, कम्प्युटर घे, एसीत बसून काम’ असा सल्ला घरोघरी दिला जायचा. मुलींनी तो ऐकला. पुढे त्याच खुर्चीला पगार आणि परदेशवारी आली, तेव्हा मुलींना सिस्टिम डिझाइन जमत नाही असा शोध लागला. क्षमता तीच होती, बदलला होता तो खुर्चीचा भाव.

प्रवेशातल्या ३० टक्क्यांबद्दल एवढंच: त्या जागा कॉलेजच्या दारापर्यंत नेतात, प्रमोशनच्या टेबलापर्यंत नाही. रजेबद्दलही एक वाक्य पुरे: बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्तीही घातली आहे, ती भाषणांत का आठवत नाही? आणि ‘सोडून जातात’ म्हणणाऱ्यांनी रात्री दहाचे क्लायंट कॉल कोणाच्या सोयीने लागतात ते पाहावं.

मग करायचं काय? स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली. मुलंबाळं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर स्त्रियांना त्यांनी घरून काम दिलं. पहिल्या ३०० जणांत २९७ स्त्रिया होत्या आणि कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग त्यांनी केलं. ग्राहकांना लिहिलेल्या पत्रांना उत्तर यावं म्हणून शर्लींना मात्र ‘स्टीव्ह’ अशी सही करावी लागली.

पुण्यातल्या हिंजवडीत आणि खराडीतही हे अशक्य नाही. मुलाखतीचे निकष उमेदवार आत येण्याआधी लिहून ठेवा. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला बेंचवर न बसवता तिच्या तोलाचं काम द्या, आणि रजेच्या वर्षाचं रेटिंग रजेमुळे खाली आणू नका. पाळणाघर कागदावर नको, चालू हवं. कोणाला किती वर्षांनी बढती मिळाली, याचा स्त्री-पुरुषवार हिशेब दरवर्षी जाहीर करा. गुणवत्तेवर खरोखर श्रद्धा असलेल्या कंपनीला हा हिशेब मांडायला भीती वाटायचं काहीच कारण नाही.