माळीण, तळिये आणि पीएच.डी.च्या जागा

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. माळीणला महादेव कोळी, इर्शाळवाडीला ठाकर. दरड कोसळली की मंत्री येतात, धनादेश वाटतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सारे सामसूम. डोंगराची माती का सुटते, किती पाणी मुरल्यावर सुटते, याचे रीतसर शास्त्र आहे. त्या शास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्याला पूर्ण पगार देणाऱ्या जागा देशात आणि परदेशात निघत असतात. त्या जागांवर आपली मुले किती, हा आमचा प्रश्न आहे.

या शास्त्राला जिओमेकॅनिक्स म्हणतात, आणि त्यातील कणांच्या अभ्यासाला ग्रॅन्युलर मेकॅनिक्स. नावाने दबून जाऊ नये. आपल्या आजीच्या कणगीत धान्य कितीही उंच भरले तरी तळावरचा भार एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही, कारण बाकीचे वजन घर्षणामुळे भिंतीच पेलतात. यान्सेन या जर्मन अभियंत्याने हे १८९५ साली गणिताने मांडले. घट्ट बसलेली वाळू सरकवू गेले की ती फुगते, हे रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये दाखवले. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर ज्या जोराने टेकलेले असतात तो जोर कमी होतो आणि उतार घसरतो, हे सूत्र टेर्झागी यांच्या १९२५ च्या ग्रंथापासून रुजले. १९७९ मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी प्रत्येक कणाची हालचाल संगणकावर मोजण्याची पद्धत दिली. आज दरडी, धरणे, बोगदे, धान्याची कोठारे, औषधांच्या गोळ्या, सगळीकडे ती वापरली जाते.

माती-दगडाशी आपला संबंध नवा नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी कोणी फोडली, पाझर तलावांची माती कोणी वाहिली, हे सांगायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली. माती उचलणारे हात आपले, पण तिचे गणित मांडणारे डोके मात्र दुसऱ्याचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आता पैशाचे बोलू. नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीतील बहुतेक प्रकल्पांत पीएच.डी. करणारा हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो. आधी डॉक्टरेट झालेली नसावी, आणि ज्या देशात जायचे तिथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे, या मुख्य अटी. आपल्या मुलांना त्या पाळायला काहीच करावे लागत नाही! अमेरिकेत संशोधन सहायकाला बहुधा फी माफ असते आणि वर मासिक मानधन मिळते. ग्रेनोबल, ट्वेन्टे, केंब्रिज ही या विषयाची जुनी ठिकाणे. देशात बंगळूरची आयआयएस्सी आणि आयआयटी आहेत. तिथे गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, असा दर २०२३ पासून आहे. मात्र २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींच्या पीएच.डी. प्रवेशांत अनुसूचित जातींचा वाटा ९.१ टक्के होता, जमातींचा २.१. आरक्षण १५ आणि साडेसात टक्के. उरलेल्या जागा कोणाच्या घशात गेल्या, हे संसदेत विचारले पाहिजे.

सरकारी शिष्यवृत्तीची कथा वाचकांना माहीत आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा. २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण आधी पत्रे दिली चाळीसच जणांना. बाकीच्यांना सांगितले, निधी असेल तर बघू. खुद्द बाबासाहेबांना बडोद्याचे दरमहा साडेअकरा पौंड होते; मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, आणि तो पुरा व्हायला १९२३ उजाडले. म्हणून आमचे म्हणणे, ज्याला प्रयोगशाळा पगार देते त्याने तिकडून जावे, सरकारी जागा दुसऱ्याला मोकळी होईल. याचा अर्थ समाजशास्त्रे सोडा असा कोणी काढू नये. भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज यांवर संशोधन करणाऱ्यांना २०२२ मध्ये याच शिष्यवृत्तीतून वगळले, त्याविरुद्ध लढायचेच आहे.

अडचण वेगळीच आहे. या जागांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातपडताळणी लागत नाही. लागतात ते दोन प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि प्रकल्पाविषयी एक पानाचे सरळ इंग्रजी पत्र. प्रस्थापितांच्या घरी हे पत्र कसे लिहायचे ते काका-मामा सांगतो. आपला मुलगा सिव्हिलची पदवी घेतो आणि एमपीएससीच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढतो, कारण दुसरी वाट कोणी दाखवलेलीच नसते. मुलीला तर तेवढीही मुभा नाही. निवड झालीच तर तिकीट, व्हिसा, घराची अनामत, पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च, यासाठी लाख-दीड लाख रुपये लागतात, आणि घरात ते नसतात.

एवढी रक्कम आपले एक मंडळ जयंतीच्या वर्गणीतून बिनव्याजी उसनी देऊ शकते. पगार सुरू झाला की ती परत येईल आणि पुढच्या मुलीला देता येईल. जलसंपदा आणि बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले आपले अभियंते प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांनी रविवारी विहारात दोन तास बसावे, मुलांची पत्रे तपासावीत, गेटची गणिते सोडवून घ्यावीत. पोरांनीही प्राध्यापकाला पत्र धाडायला बिचकू नये. दहा पत्रांतल्या नऊंना उत्तर येत नाही, ते सगळ्यांनाच येत नाही.