श्रवणचाचण्यांच्या नोंदी संशोधनाच्या कामी याव्यात

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाला जन्मतःच मोतीबिंदू होऊ शकतो, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. पाठोपाठ अशा मुलांमध्ये बहिरेपणाही आढळू लागला. हा प्रकार त्या वेळच्या रुबेलाच्या साथीपुरता होता की पूर्वीपासून घडत आला होता? ऑलिव्हर लँकेस्टर या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये जुन्या जनगणना आणि कर्णबधिर मुलांच्या शाळांतील नोंदी तपासल्या. १८९९ च्या सुमारास जन्मलेल्यांत कर्णबधिरांचे प्रमाण एकदम वाढलेले दिसले, आणि त्याच सुमारास तिथे रुबेलाची साथ येऊन गेली होती. त्या नोंदी शाळेच्या आणि सरकारच्या रोजच्या कामासाठी ठेवलेल्या होत्या. तरीही पन्नास वर्षांनी एका आजाराचा इतिहास त्यांच्यातूनच उलगडला.

महाराष्ट्रापुढे आज असाच प्रश्न आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना लस दिली गेली. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या असलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात बहिरेपणा कमी झाला का, हे सांगायला नवी प्रयोगशाळा लागत नाही. आईच्या लसीची नोंद, बाळाच्या ओएई आणि बेरा या श्रवणचाचण्या, पुढे श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळाले असल्यास त्याची माहिती, एवढे एकमेकांशी जोडले की पुरे. पण ही माहिती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असते. चाचणीचा कागद केसपेपरला टाचून घरी जातो आणि रुग्णालयाकडे फार तर रजिस्टरमधली एक ओळ उरते. तपासणीवर पैसा आणि श्रम खर्च होतात, त्यातून एका बाळाचे निदानही होते. शेकडो बाळांबद्दल मात्र आपण काहीच शिकत नाही.

औषधांच्या बाबतीत हे नुकसान अधिक बोचरे आहे. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन या गटातली इंजेक्शने आतल्या कानातील पेशींना इजा करतात आणि गेलेले ऐकू येणे सहसा परत येत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांनी ही इंजेक्शने महिनोन्महिने घेतली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे सांगितले. किती मात्रेनंतर, कोणत्या वयात, मूत्रपिंडे कमजोर असलेल्या किती जणांचे कान गेले? कान बिघडवण्याचा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकत नाही, करूही नये. म्हणजे झालेल्या उपचारांच्या नोंदी हाच आधार उरतो. पण उपचाराची नोंद क्षयरोग विभागाच्या ‘निक्षय’ पोर्टलवर असते आणि ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, कान-नाक-घसा विभागात.

अशा नोंदी जोडण्यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो रास्त आहे. रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याची इंग्लंडमधली केअर डॉट डेटा ही योजना २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. आपली माहिती कोणाच्या हाती जाणार हे लोकांना नीट सांगितले नव्हते आणि विश्वास उडाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली, तेही आपण पाहिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे, पण तेवढ्यावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. नाव काढून टाकले तरी एखाद्या लहान तालुक्यातले कॉक्लिअर इम्प्लांट झालेले मूल सहज ओळखू येते. म्हणून मूळ नोंदी बाहेर जाऊच नयेत. संशोधकाने सुरक्षित यंत्रणेत येऊन काम करावे आणि फक्त एकत्रित निष्कर्ष बाहेर न्यावेत. विमा कंपन्यांना दार बंद असावे. नकार देण्याचा हक्क नोंदणीच्या खिडकीवरच मराठीत सांगावा, कर्णबधिरांना सांकेतिक भाषेत, आणि नकारामुळे उपचारात तसूभरही फरक पडू नये.

संशोधकांचा आक्षेप वेगळा आहे: रुग्णालयात येणारे म्हणजे सगळा समाज नव्हे, आणि गोंगाटाच्या खोलीत केलेली चाचणी भरवशाची नसते. हे खरेच आहे. कान गेलेले कितीतरी कामगार दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यामुळे घरोघरच्या पाहणीला पर्याय नाही. पण नोंदींचा दर्जा सुधारणे आपल्या हातात आहे. ‘ऐकू कमी येते’ अशा शेऱ्याऐवजी प्रत्येक वारंवारितेचा डेसिबलमधला आकडा, खोली ध्वनिरोधक होती का, यंत्राचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, आणि चाचणी झालीच नसेल तर का नाही, एवढे लिहिले तरी दोष लपत नाहीत, मोजता येतात. श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि राज्याचा आरोग्य विभाग मिळून असा एकच नमुना ठरवू शकतात. सुरुवात नवजात बाळांपासून व्हावी, आणि तीही याच वर्षी, कारण लस घेतलेल्या त्या मुलींची बाळे आता जन्माला येत आहेत आणि जन्मावेळी न लिहिलेली चाचणी नंतर कोणालाही भरून काढता येणार नाही.