एका प्रत्ययाचा प्रश्न

मल्याळममध्ये ‘कंडु’ म्हणजे पाहिले आणि ‘कंडिल्ल’ म्हणजे पाहिले नाही. नकार तेथे क्रियापदाच्या शेवटाशीच जोडला जातो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उच्चारलेल्या अशा एका शब्दावर कोणाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून असू शकते.

केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा न्यायालयांत साक्षी नोंदवण्यासाठी ‘अदालत एआय’ ही बोलणे लिहून घेणारी प्रणाली बंधनकारक केली. ती घडवणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. साक्षीदाराने बोलायचे आणि न्यायाधीशांनी ते हाताने लिहायचे किंवा लेखनिकाला सांगायचे, या पद्धतीत दिवसच्या दिवस जातात. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित असताना अशा स्टार्टअपना पाठबळ मिळालेच पाहिजे. मात्र हे पाठबळ कशाचे असावे, याचा विचार क्वचितच होतो.

निधी तुटपुंजा आहे, हे खरे. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये आहेत. त्यांपैकी कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन अशा तंत्रज्ञानाच्या वाट्याला ५३.५७ कोटी, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पण ही रक्कम दुप्पट झाली तरी मोजमापाची उणीव भरून निघणार नाही.

अशा प्रणालींची गुणवत्ता सहसा शब्दत्रुटीच्या दराने सांगितली जाते. चुकलेले, गळलेले आणि नसताना घुसलेले शब्द मोजायचे आणि मूळ जबानीतील एकूण शब्दसंख्येने भागायचे. शंभर शब्दांत एक चूक झाली, तर दर १ टक्का. आता तो एक शब्द बिनमहत्त्वाचा ‘मग’ होता की ‘कंडिल्ल’, याचे या मापाला सोयरसुतक नाही. शिवाय चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. वायनाडमधील पणिय समाजाच्या साक्षीदाराचे मल्याळम आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकाचे मल्याळम एक नव्हे. यंत्राने बहुधा दुसरेच अधिक ऐकलेले असते. सरासरी चांगली आणि चूक नेमकी दुबळ्याच्या पदरात, असे सहज घडू शकते.

‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी. यंत्राने त्याचे भाषांतर ‘सुट्टी मंजूर’ असे केल्याचा किस्सा न्यायमूर्तींनीच सांगितला आहे. ही चूक हसू आणते, म्हणून सापडते. नकार गळालेले वाक्य मात्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ते वाचून कोणीही थबकत नाही.

म्हणून स्पर्धा आणि पुरस्कारांपेक्षा या उद्यमांना चाचणीसाठी एका सार्वजनिक साक्षीसंग्रहाची अधिक गरज आहे: निरनिराळ्या भाषा-बोलींतील, पंख्याच्या घरघरीसह ध्वनिमुद्रित झालेल्या खऱ्या साक्षींचा. साक्षी गोपनीय असतात, तेव्हा संग्रह न्यायालयाच्याच ताब्यात राहावा; प्रणालीने तेथे येऊन परीक्षा द्यावी आणि बाहेर फक्त निकाल जावा. नकार, नावे, तारखा आणि रकमा यांतील चुका त्या निकालात स्वतंत्रपणे मोजल्या जाव्यात. लिखित मजकुराबाबत हिंदीत सुरुवात झालेली आहे: उत्तर प्रदेशातील जिल्हा न्यायालयांच्या नऊ लाखांहून अधिक दस्तऐवजांचा संग्रह २०२२ मध्ये संशोधकांनी खुला केला. केरळच्या जुलै २०२५ च्या धोरणानेही निर्णय यंत्रावर सोपवण्यास मनाई केली आहे आणि आढळलेल्या चुका वरिष्ठांना कळवण्यास सांगितले आहे. त्या चुका दप्तरातच राहिल्या, तर पुढच्या राज्यातील न्यायालय त्यांवरून काय शिकणार?

साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी, ही फौजदारी प्रक्रियेतील जुनीच तरतूद आहे. गर्दीच्या न्यायालयात तिला पुरेसा वेळ मिळणे अवघड असते. लेखनात वाचलेली मिनिटे प्रथम तिकडे वळवता येतील, आणि साक्षीदाराने सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती त्या चाचणीच्या नोंदवहीत जमा होईल.