वाफेची वाट

लेकीच्या दिवाणखान्याचे छत उघडे पडले होते आणि मी स्टुलावर उभा राहून टेपने कडी मोजत होतो. गाव न्यू जर्सीतले, एडिसनपासून फार लांब नाही. आम्हा उभयतांना तिथे पोहोचून जेमतेम दोन दिवस झाले होते. ‘बाबा, तुम्ही आराम करा ना,’ असे लेक तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी तिला कडीला पडलेले भोक दाखवले. चांगले साडेचार इंच रुंद, वाटोळे, ताजे. आत हात घातला तर पलीकडे बोटे निघाली.

तिकडे कडीला जॉइस्ट म्हणतात. पण माझे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात, कडीपाटाखाली गेले. वरच्या मजल्याची जमीन आणि खालच्या मजल्याचे छत ज्या लाकडांवर उभे असते त्यांना माझ्या लेखी कड्याच म्हणायचे. अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडाच्या सांगाड्याची असतात हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. फोटोत दिसते ते गवत, ती गाडी आणि तो दरवाजा.

हा सारा खटाटोप आमच्यासाठी होता, हेच अवघड. कपडे धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र तळघरात. हिचे गुडघे दुखतात, नातवाचे कपडे ढीगभर, दोन जिने कोण चढणार-उतरणार? म्हणून जावयांनी वरच्या मजल्यावर, घराच्या बरोबर मध्यभागी असलेल्या कपाटात यंत्रे आणायचे ठरवले. पाणी कुठून येईल, विजेची जोडणी कुठे असेल, कपाटाला दार कोणते, सगळे ठरले होते. वाळवण्याच्या यंत्रातली गरम, दमट हवा घराबाहेर कशी जाणार, हे कंत्राटदारावर सोडलेले. आणि त्याला जवळची बाहेरची भिंत दिसली ती डावीकडे, बारा फुटांवर. मध्ये आडव्या नऊ कड्या. चार इंची पाइप, नऊ भोके, काम फत्ते.

‘सगळे असेच करतात,’ तो म्हणाला. माणूस उर्मट नव्हता. त्याला नियमही माहीत होता, पण अर्धा. भोकाच्या वर आणि खाली दोन-दोन इंच लाकूड शिल्लक राहिले पाहिजे, हा तो अर्धा नियम. आणि ते राहत होते. दुसरा अर्धा असा की, भोक कडीच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून मोठे असता कामा नये. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे अर्धे कलम वाचणारी माणसे मला लांबून ओळखू येतात.

कडी मोजली तर सव्वानऊ इंच. तिकडे तिला दहाची म्हणतात. कागदावर दहा, हातात सव्वानऊ. प्रक्रिया शुल्क कापून हातात पडणाऱ्या कर्जासारखे. तिचा एकतृतीयांश म्हणजे तीन इंचांहून किंचित जास्त. बाराची म्हणतात ती कडीसुद्धा प्रत्यक्षात सव्वाअकरा भरते, म्हणजे पावणेचार. याचा अर्थ सरळ आहे. अखंड लाकडाच्या अशा कड्यांमधून चार इंची पाइप नियमात राहून आडवा जाऊच शकत नाही. कारखान्यात बनवलेल्या, मध्ये पातळ फळी असलेल्या कड्यांना मोठी भोके चालतात, पण तीही कंपनीच्या तक्त्यात दाखवलेल्या जागीच. लेकीच्या घरात तशा कड्या नव्हत्या.

पाइपचेही आपले म्हणणे असते. कपड्यांतून सुटणारी कापसासारखी लव त्या हवेबरोबर वाहत जाते. वळणावर, खडबडीत जागी, आत डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकावर ती अडकते, साठते, आणि ती पेट घेण्यात पटाईत. अमेरिकी सरकारच्या अग्निशमन खात्याने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला आहे. घरातल्या अशा यंत्रांमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी, आणि सफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण. म्हणूनच आतून गुळगुळीत धातूचा पाइप हवा, सांधे स्क्रूने नव्हे तर धातूच्या चिकटपट्टीने बंद केलेले, बाहेरच्या तोंडाला झडप हवी पण जाळी नको. यंत्रामागची ती चुरगळणारी चंदेरी नळी जमिनीत किंवा भिंतीत गाडायची नसते. कंत्राटदाराच्या पिशवीत तिचे मोठे वेटोळे होते. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. एका दिवशी एकच भांडण.

मी गृहकर्जाच्या विभागात होतो तेव्हा कर्जदार मला हौसेने फरशी दाखवत, स्वयंपाकाचा ओटा दाखवत. तुळई कोणी दाखवली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारली नाही. आज पुण्यात फ्लॅटमध्ये एसी बसवताना पाइपसाठी काँक्रीटच्या तुळईत गिरमिट चालते आणि आपण त्या कारागिराला चहा विचारतो. त्यामुळे दोष एकट्या कंत्राटदाराला देणे मला पटत नाही. यंत्र कुठे शोभेल हे आपण ठरवतो, नि वाफ कुठून जाईल हे दुसऱ्याने ठरवावे अशी अपेक्षा करतो. क्रम उलटा हवा. आधी हवेची वाट, मग यंत्राची जागा. वाट नसेल तर यंत्र तिथे नको, किंवा बिनपाइपचे घ्यावे. वाफेचे पाणी करून टाकीत साठवणारी यंत्रे मिळतात. कपडे वाळायला वेळ लागतो, लागू दे. दोरीवर तरी कुठे अर्ध्या तासात वाळत होते?

दोरीचा विषय मी काढलाच. लेकीच्या वसाहतीच्या नियमांत अंगणात कपडे वाळत घालायला मनाई आहे. व्हरमाँट राज्याने २००९ साली अशी बंदी घालता येणार नाही, असा कायदाच केला. पण लेक व्हरमाँटमध्ये राहत नाही. असो.

दोन दिवस घरात जरा अबोला होता. ‘आई-बाबांसाठी करतोय आणि बाबाच नाही म्हणतात,’ हे वाक्य मी स्वयंपाकघराबाहेरून ऐकले. मग जावयांनी स्वतः टाउनशिपच्या कचेरीत फोन केला. इन्स्पेक्टर आला, भोकाकडे पाहिले, मान हलवली. त्या कडीच्या बगलेला तिच्याएवढीच नवी कडी जोडावी लागली. पाइप कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधल्या साडेचौदा इंचांच्या पोकळीतून, मागच्या भिंतीकडे काढायचे ठरले. हा रस्ता बावीस फुटांचा आणि वळणे दोन, एक यंत्रामागे खाली जाताना आणि दुसरे जमिनीत शिरताना. तिथल्या नियमाने प्रत्येक काटकोनी वळण पाच फुटांचे धरतात. बावीस अधिक दहा, बत्तीस. मर्यादा पस्तीसची. तिसरे वळण आले असते तर गणित फसले असते. जावयांनी तो हिशेब माझ्यासमोर कागदावर दोनदा मांडला आणि मग पहिल्यांदा हसले. खर्च मात्र वाढला, त्याचा आकडा त्यांनी मला सांगितला नाही.

यंत्र सुरू झाले त्या दिवशी मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. झडप उघडली, हातावर ऊबदार, साबणाच्या वासाची हवा आली. ही मात्र आपली सुती लुगडी त्यात घालायला शेवटपर्यंत तयार झाली नाही. ती खोलीत खुर्च्यांवर वाळत असत.

कडीतून निघालेली लाकडाची चकती मी बॅगेत घालून पुण्याला आणली. दीड इंच जाड, मध्यभागी गिरमिटाचे बारीक छिद्र. लिहिण्याच्या टेबलावर कागद दाबायला ठेवली आहे. येणारे-जाणारे तिच्यावर चहाचा कप ठेवतात.