तारेची टोके आणि काट्याचा पासंग

धान्याच्या ठोक व्यापारात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने स्पीकरच्या तारांविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या चुकीपायी आमच्या वडिलांचा आवाज आम्ही जवळजवळ गमावला होता, ती व्यापारी बंधूंसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिगावच्या आमच्या घरी वडिलांच्या भजनांची एक जुनी कॅसेट आहे. घरास रंग दिल्यानंतर दोन्ही स्पीकर आम्हीच पुन्हा जोडले. तेव्हापासून तो भरदार आवाज पोकळ झाला. तो खोलीत कोठून येतो तेही कळेना. कॅसेट निकामी झाली, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. नागपुरास चौकशी केली, तेव्हा भारी किमतीची तार घेण्याचा सल्ला मिळाला.

अखेर पुतण्याने स्पीकर पुढे ओढून पाहिला. एका बाजूची तांबडी व काळी टोके अदलाबदल झाली होती! असे झाले म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खर्ज एकमेकांस मारून टाकतो. जणू एका गाडीस दोन बैल विरुद्ध दिशांनी जुंपावेत. दुसऱ्या बाजूचे तांबे काळवंडले होते व स्क्रू सैल होता. खरखर येई ती त्यामुळेच. यंत्र बंद करून काळी टोके कापली, स्वच्छ तांबे पिळून घट्ट बसविले, एकही सुटा धागा शेजारच्या टोकास लागू दिला नाही. कारण तसा स्पर्श झाल्यास यंत्र जळण्याचे भय असते. वडील पुन्हा समोर बसून गाऊ लागले. खर्च एका पैशाचाही झाला नाही.

तारेच्या जाडीस मुळीच महत्त्व नाही, असे आमचे म्हणणे नाही. 8 ओहमच्या स्पीकरसाठी तारेचा अडथळा शेकडा 5 हून, म्हणजे 0.4 ओहमहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. 10 मीटर अंतरास जाऊन-येऊन 20 मीटर तांबे लागते. 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तो अडथळा सुमारे 0.7 ओहम होतो, तर 1.5 च्या तारेत केवळ 0.23. तात्पर्य, विजेच्या दुकानातील साधी, शुद्ध तांब्याची तार घरास पुरेशी आहे.

माल कमी भरल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, तर आपण त्यास नवा काटा विकत नाही; आधी पासंग पाहतो. हाच न्याय प्रत्येक धंद्यास लागू असावा. गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर मिळविलेला नफा वहीत जमेस दिसतो खरा. पण पत मात्र नावे पडते.

ज्यांच्या घरी असा एखादा जुना आवाज जपलेला असेल, त्यांनी तो गेला असे समजण्यापूर्वी स्पीकरच्या मागील टोके एकदा अवश्य पाहावीत, एवढीच आमची विनंती.